एकाच फेरीत

“ही खुर्ची उलटी का?” आईने विचारलं.

“समोरासमोर बसून गप्पा मारता येतात, मॅडम,” दलाल विमानाच्या शिडीवरून आत वाकून म्हणाला. “मधलं टेबल उघडलं की जेवणसुद्धा होतं.”

आई एका खुर्चीत बसली, उठली, पलीकडच्या खुर्चीत बसली. लेक दाराशी उभी राहून बघत होती. तीन वर्षांत आईने विमानात पाऊल ठेवलं ते आज. विमान हँगरमध्ये होतं, चाकांना ठोकळे लावलेले होते. पण म्हणून काय झालं?

आसनांच्या चामड्यावर आधीच्या माणसांच्या पाठींचे आकार उमटले होते. कपाटाच्या आत कुणा मुलाने चिकटवलेला कागदी मासा अर्धवट खरवडलेला होता. आईने त्यावर बोट ठेवलं.

“हे लोक कुठे गेले?”

“त्यांनी मोठं विमान घेतलं.”

“सगळे आहेत ना?”

दलालाला प्रश्न नीटसा कळला नाही. “हो, हो. मजेत आहेत.” मग वातावरण सैल करायला म्हणाला, “हे विमान म्हणजे डॉक्टरने वापरलेली गाडी, मॅडम. फक्त रविवारी बाहेर काढलेली.”

“डॉक्टर लोक रविवारीच बेफाम हाकतात,” खालून कॅप्टनकाकांचा आवाज आला.

कॅप्टनकाका बाबांचे जुने दोस्त. आता निवृत्त झाले होते, पण विमान पारखायला लेकीने त्यांनाच सोबत आणलं होतं. हात मागे बांधून ते पंखाखालून फिरत होते. त्या दिवशी पहिलं विमान त्यांनीच चालवलं होतं.

कारण विमानं नेहमी दोन असायची. बाबांचा नियमच होता तो. घरातल्या सगळ्यांनी एका विमानात बसायचं नाही. समुद्रावरच्या घरी जायचं, तर भाड्याची दोन विमानं आणि दोन तुकड्या. “काही झालंच, तर घरात कुणीतरी उरायला हवं,” असं ते पाव फाडत, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणायचे. मग विचारायचे, “बोला, आज माझ्या तुकडीत कोण?”

त्या दिवशी त्यांच्या तुकडीत दादा होता. आई, लेक आणि धाकटा भाऊ आधी पोचले आणि धावपट्टीकडे बघत बसले. दुसरं विमान आलंच नाही.

तेव्हापासून आई कुठल्याही खोलीत दाराकडे तोंड करून बसायची. कुणी बोलत असलं, तरी तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे जायची. बोलणारा नकळत वळून बघायचा. मागे कुणी नसायचं. समुद्रावरचं घर बंद झालं. गाडीनेसुद्धा ती फार लांब जाईना. आणि गेल्या महिन्यात जेवताना अचानक म्हणाली, “आपलं स्वतःचं विमान घेऊ या. जुनं चालेल.”

जावयाचा घास हातातच राहिला. लेकीला मात्र वाटलं, आई परत येते आहे. आज तिने माघार घेतली, तर ती त्या बंद घरासारखीच होऊन जाईल, कायमची.

कॅप्टनकाका शिडी चढून आत आले.

“वहिनी, स्पष्ट सांगू? ते शेजारचं लहान विमान घ्या. वय कमी, अंगात दम आहे. ह्याच्या डाव्या इंजिनाने आधी कुरकुर केलेली आहे.”

“दुरुस्त झालंय, साहेब!” दलाल कळवळला. “अगदी नव्यासारखं!”

“नव्यासारखा मीही दिसतो, दाढी केली की.”

लेक हसली. आई हसली नाही. तिने इंजिनाबद्दल काहीच विचारलं नाही. ते काकांवर सोडलं असणार.

“त्या लहान विमानात किती माणसं मावतात?” तिने विचारलं.

“पाच. तुम्ही सात. दोन फेऱ्या मारू. त्याचा नियमही पाळला जाईल.”

“नियम त्यांचा होता, भावजी. ते गेले. आता पुरे झालं.”

ती उठून केबिनमधून चालू लागली. प्रत्येक आसनाच्या पाठीवर हात ठेवत होती. “इथे धाकटा आणि सूनबाई. इथे जावई, पाय लांब आहेत त्यांचे. ही दोन जुळ्या नातवंडांना, समोरासमोर, म्हणजे खिडकीवरून मारामारी नको. तू इथे.” मग ती स्वतः त्या उलट्या खुर्चीत बसली. दार आता तिच्या पाठीमागे होतं. ती वळली नाही.

ह्या खुर्चीत बसलेली बाई लेकीने तीन वर्षांत पाहिली नव्हती.

“काका, इंजिन तुमच्या माणसांकडून पुन्हा उघडून बघू,” ती हळूच म्हणाली. “पण तिला हेच घेऊ द्या.”

कॅप्टनकाकांनी आईकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

“हेच,” आई दलालाला म्हणाली.

परतीच्या वाटेवर लेकीने गाडीतून घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे जुळ्यांनी एकच कल्ला केला. समुद्रावर कधी, पोहायचं कधी, वैमानिकाशेजारी कोण बसणार. आई हसत होती. मोठ्याने, पूर्वीसारखी. लेकीने एक हात स्टिअरिंगवरून काढून आईच्या हातावर ठेवला.

“आजी, खरंच सगळे एकाच विमानात?” नातवाने विचारलं.

“हो रे राजा, सगळे,” आई लाडाने म्हणाली. “आता आजोबांकडे जायची वेळ आली ना, की सगळे बरोबरच जाऊ. मागे कुणी उरायलाच नको.”