एका भुलीत एकच

"खूण तुम्हीच करा," असं म्हणून डॉक्टर मृणाली शेट्येने निळा मार्कर विनीतच्या हातात ठेवला.

विनीतला वाटलं, मॅडम चेष्टा करतायत. रत्नागिरीतल्या तिच्या छोट्या हॉस्पिटलात, खाटेवर त्याचे वडील पायजम्याची नाडी सैल करून बसले होते. भिकाजी. जयगडच्या खाडीत मासेमारी करण्यात हयात गेलेला माणूस. दोन्ही जांघांत हर्निया. पेशंट शुद्धीत असतानाच कापायच्या बाजूला सर्जनने आपल्या हाताने खूण करायची, ही रीत. मृणालीने तो मार्कर आजवर दुसऱ्या कुणाला दिला नव्हता.

विनीत म्हणाला, मी कशी करणार, आणि दुखणं तर दोन्हीकडे आहे.

"एकाच बाजूला करायची. कुठली, ते तुम्ही ठरवा."

तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. विनीत पुण्याला एका विमा कंपनीत क्लेम मंजूर करायचा. खरं तर नामंजूरच जास्त. मागच्या वर्षी मृणालीने मिरजोळ्याच्या हौसाबाईंची पित्ताची पिशवी काढली आणि त्याच भुलीत बेंबीजवळचा हर्नियाही शिवला. पायांना गोळे येईपर्यंत उभी होती. विनीतने हर्नियाचे पैसे क्लेममधून साफ उडवले. तिने फोन केला तर गार आवाजात म्हणाला, एका भुलीत आम्ही एकच ऑपरेशन धरतो मॅडम, दुसरं तर जाता जाता होतं. ते 'जाता जाता' तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. काल ओपीडीत तोच आवाज "बाबांना बघा ना जरा" म्हणाला, तेव्हा तिला आनंद झाला. अगदी पोटातून झाला. त्याची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

विनीत गयावया करू लागला. वडिलांचं हृदय कमजोर होतं. काय ती भूल एकदाच द्या आणि दोन्ही बाजू उरका, असं भूलतज्ज्ञांनीच बजावलं होतं. दुसऱ्या बाजूचे पैसे तो खिशातून द्यायला तयार होता, वाटेल तेवढे.

"पैसे नकोत," मृणाली म्हणाली. "जाता जाता मी आता काही करत नाही."

भिकाजींना यातलं काही उमगलं नाही. त्यांनी सदरा वर धरला आणि पोराची समजूत घातल्यासारखं म्हणाले, "कर रे बाबा. डॉक्टरीणबाय सांगतेय ना."

विनीतने एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. मग खाली वाकून त्याने दोन्ही जांघांवर फुल्या मारल्या आणि मृणालीकडे बघायचं टाळलं.

तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि डावी फुली पुसायला घेतली. शाई पटकन जाईना, तशी जोर लावून घासली. कातडी लाल झाली.

म्हातारा मान वाकवून बघत होता. "विनू," त्याने विचारलं, "ह्या बाजूचा काय झाला रे?"

थिएटरमधून सिस्टर दुसऱ्यांदा बोलवायला आली. मृणालीने तिला हाताने थांबवलं. तिला उत्तर ऐकायचं होतं.