आठवी लेन

खार पहिल्या सात लेनपैकी कोणत्याही लेनमधून धावली तर वेळेवर सुटत असे. आठव्या लेनमधून ती दर वेळी उशिरा सुटे.

खार हे नाव तिला शिबिरातल्या मुलींनी दिले होते. चारशे मीटर धावताना तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत. उशिराचे कारण मुख्य प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकले होते: भीती. वळणामुळे बाहेरच्या लेनची सुरुवात पुढे सरकवलेली असते, त्यामुळे आठवीतल्या मुलीला समोर कुणीच दिसत नाही. एकटी पडली की पोर बिचकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुरावा म्हणून ते सांगत, की आठवीत उभी केली की ती सारखी मागे वळून पाहते. उपाय म्हणून त्यांनी तिला आरशासमोर उभे करून ‘मी घाबरत नाही’ असे म्हणायला लावले. लेनशी मैत्री व्हावी म्हणून आठवडाभर तिचा नाश्ताही आठव्या लेनमध्येच झाला. तिच्या सुटण्यात फरक पडला नाही.

निवड चाचणी दुसऱ्या दिवशी होती आणि चिठ्ठी टाकून तिच्या वाट्याला आठवी लेनच आली होती. खार कपडे भरून वसतिगृहाच्या पायरीवर बसली होती.

“घरी जाते, ताई,” ती म्हणाली. “उद्या सगळ्यांसमोर पुतळा होण्यापेक्षा बरं.”

ताई म्हणजे सहायक प्रशिक्षिका. पूर्वी ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत असे.

“नेमकी कशाची भीती वाटते?”

“ते सरांना माहीत आहे. मला काही कळत नाही. पण सर म्हणतात म्हणजे वाटत असेल.”

ताईने थोडा वेळ विचार केला आणि तिला बूट घालायला सांगितले.

मैदानावर सर अजून होते. ताईने खारीला पहिल्या लेनमध्ये उभे केले आणि लंबू नावाच्या उंच मुलीला तिच्या पुढे, तिसऱ्या लेनमध्ये.

“पहिलीत ती पळतेच की,” सर म्हणाले. “दुखतंय कुठे आणि तुम्ही मलम लावताय कुठे, मॅडम?”

“पहिलीत का पळते, ते बघायचंय. तुम्ही मधोमध उभे राहा, रोजच्यासारखे.” मग तिने हळू आवाजात त्यांना आणखी काही सांगितले. सरांच्या भुवया वर गेल्या, पण ते गेले. जाता जाता सवयीने ओरडलेच, “खार, घाबरायचं नाही हं.”

लंबूच्याही कानात काही सांगून ताई बाजूला झाली.

मैदानाच्या मध्यावर सरांनी शिट्टी तोंडाला लावली. लंबू सुटली. तिच्या मागोमाग, नेहमीच्या सफाईने, खार सुटली. पहिल्या वळणावर ताईने दोघींना थांबवून परत बोलावले.

“आत्ताची शिट्टी कशी होती? जोरात की हळू?”

“नेहमीसारखीच,” खार म्हणाली.

लंबूला हसू आले. ताईने तिच्याकडे पाहिले तेव्हा ते गेले.

“वाजलीच नाही,” ताई म्हणाली. “सरांनी नुसती तोंडाला लावली होती. लंबूला मी सांगितलं होतं, मनात पाच आकडे मोज आणि सूट.”

खारीने मैदानाच्या मध्याकडे पाहिले. तिथून सर सावकाश चालत येत होते.

“म्हणजे बाकीच्यांना ती इथपर्यंत ऐकू येते?” तिने विचारले.

लंबूने होकारार्थी मान हलवली. सर जवळ येऊन पोहोचले होते. प्रश्न त्यांनीही ऐकला. काही वेळ ते गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिले.

“उद्या झेंडा दाखवू,” ते शेवटी म्हणाले. “सगळ्यांनाच. मी आठवीच्याही पुढे उभा राहीन. दिसेन ना ग तुला?”

“दिसाल, सर. तुम्ही कुठूनही दिसता.”

सरांच्या पोटाचा घेर पाहता हे खरे होते. या खेपेला लंबूबरोबर सरही हसले.

“आणि परवा कानाच्या डॉक्टरांकडे,” ताई म्हणाली. “मी बरोबर येते.”

जवळचे बोलणे खारीला नीट ऐकू येत होते. लांबून आलेला उंच पट्टीचा आवाज तिच्या कानांना पकडता येत नव्हता, आणि इतरांना तो पकडता येतो हे तिला ठाऊक नव्हते. पुढच्या मुलींचे पाय हलले की ती सुटत असे. आठव्या लेनच्या पुढे कुणाचेही पाय नव्हते.