नाल्यापलीकडे

"नाल्यापलीकडे नेऊन सोड गं, द्रौपदी. मारू नकोस हं," म्हणत कुमुदिनीबाईंनी नेहमीसारखा पिंजरा पुढे केला. आत गलेलठ्ठ उंदीर गरागरा फिरत होता. द्रौपदीने आज हात पुढे केला नाही.

अंबरनाथच्या त्या सोसायटीत कुमुदिनीबाईंइतकं दयाळू कुणी नव्हतं. रोज सकाळी मुंग्यांना साखर घालायच्या. दिवेलागणीनंतर तुळशीचं पान तोडू द्यायच्या नाहीत. झाड झोपलेलं असतं, त्याला दुखतं, म्हणायच्या. घरात अंडंसुद्धा शिरत नसे. द्रौपदी कामाला लागली तेव्हा तिलाही त्यांनी सुकट-बोंबील सोडायला लावलं होतं आणि बदल्यात एक जुनी साडी दिली होती.

उंदीर सापडला की बाई गॅलरीत उभ्या राहायच्या. द्रौपदी नाला ओलांडून पिंजरा उघडायची. उंदीर झोपड्यांकडे धूम ठोकायचा आणि बाई समाधानाने हात जोडायच्या. त्या झोपड्यांतली एक द्रौपदीची होती. हे बाईंना ठाऊक होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. द्रौपदीला होती, पण ती वापरायची सोय नव्हती.

आज मात्र तिने तोंड उघडलं.

"आता नाय सोडणार तिकडं, बाई. परवा रात्री माझ्या पोरीला उंदरानं कुरतडलं. झोपली होती ओ. पायाची दोन बोटं... ताप उतरत नाय. सरकारी दवाखान्यात टाकलीय, सासू बसलीय तिच्यापाशी. डॉक्टर म्हणतात, इष चढलंय. जगंल का नाय, सांगता येत नाय."

बाईंनी हातातला पिंजरा खाली ठेवला. डोळे डबडबले. द्रौपदीचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत बाईंच्या डोळ्यांत आपल्यापायी पाणी तिने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी बाईसुद्धा आईच, उगाच इतके दिवस गप्प बसले, असं तिला वाटून गेलं.

"अगं बाई गं!" कुमुदिनीबाई कशाबशा म्हणाल्या. "मग रागाच्या भरात मारलंत की काय गं तुम्ही त्या उंदराला?"

"नाय. पळाला."

बाईंनी पदराने डोळे टिपले. छातीवर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडला.

"सुटला बिचारा!"