पार्ट नंबर एम-१३

काट्यावर ब्याण्णव ग्रॅम दिसले. मिनलने आकडा तळहातावर लिहून घेतला.

"जगंल का वो ताई?" तिसरी शिफ्ट संपवून निघालेल्या गणराजने विचारलं. पन्नास टनी प्रेस चालवणारा हा लातूरकडचा गडी, पण पिल्लाला बोट लावायला घाबरत होता.

"दर दोन तासांनी पोटात दूध गेलं, तर."

मांजरी पहाटे गेटबाहेर ट्रकखाली गेली होती. तिचं हे एकच पिल्लू कॉम्प्रेसरमागे सापडलं. डोळे मिटलेले, नाळ अजून लोंबत होती.

दार वाजलं. मिनलने पिल्लू चिंध्यांसकट ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर पोटाने लोटला. मालोजीशेठ आत आले.

"मिनल, पुढच्या मंगळवारी चाकणच्या कंपनीचं ऑडिट. त्यांची ऑर्डर हातची गेली तर भोसरीतलं हे वर्कशॉप विकावं लागेल मला. तोवर आवारात कुत्रं-मांजर दिसलं तर तेव्हाच्या तेव्हा गेटबाहेर. कळलं?"

"हो शेठ."

गेटबाहेर काय होतं, ते पहाटे सगळ्यांनी पाहिलंच होतं.

मिनल इथे क्वालिटी बघायची. घरमालक मांजर ठेवू देणार नव्हता. मग तिने कामाची होती तीच रीत लावली. एक कोरी चेकशीट घेतली. पार्ट नंबर: एम-१३. तीन शिफ्ट, तीन माणसं. दूध पाजलं की लिहायचं ‘फीड ओके’. ओल्या कापसाने पुसून शू करवली की ‘ड्रेन ओके’. बोर्डावर बारा पार्टच्या मापांच्या बारा चेकशीट होत्या. तेरावी त्यांच्यामागे अडकवली.

सोमवार, दु. १. ९१ ग्रॅम. फीड अर्धं. ड्रेन ओके. — मिनल

सोमवार, सं. ५. ९० ग्रॅम. गायीचं दूध दिलं, ओकलं. चूक माझी. — सनी

मिनलने सनीला फोनवर झापलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लांची वेगळी पावडर सांगितली होती.

"ताई, माणसांची पोरं पितातच की गायीचं!"

"तू मांजर आहेस का?"

"आई तर तेच म्हणते. खातो नि झोपतो."

पण पावडर शोधत दुसऱ्या शिफ्टचा सनी जेवणाच्या सुट्टीत गाडीवर पिंपरीपर्यंत जाऊन आला.

मंगळवार, प. ३. ८८ ग्रॅम. गार पडलंय. प्रेस बंद ठेवला. छातीशी धरून बसलो. — गणराज

मंगळवार, प. ५. ८८. बसलोय. — गणराज

मंगळवार, स. ७. ~~८९~~ ८८. दोनदा मोजलं. — मिनल

मंगळवार, स. ९. ९१!

बुधवारी पिल्लू सिरिंज ओढायला लागलं. गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी; सनीने त्याला कानटोपीत घालून आपल्या रूमवर नेलं.

गुरुवार. काटा नाही, म्हणून वजन नाही. ११ चं फीड हुकलं, झोप लागली. शिव्या द्या. — सनी

शुक्रवार, स. ७. १०९. शिव्या माफ. — मिनल

शनिवारी शेठ म्हणाले, "बोर्ड चकाचक पाहिजे हं." दुपारभर बसून मिनलने महिन्याच्या बाराही चेकशीट पूर्ण केल्या. मोत्यासारखं अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

शेठ खूश झाले. "याला म्हणतात काम!"

मंगळवार, स. ९. १५१ ग्रॅम. डावा डोळा उघडला!!! — मिनल

ही ओळ लिहून ती वळली, तर दारात ऑडिटर साधना मॅडम उभ्या. एक तास आधीच. मागे शेठ.

मॅडमनी बोर्डावरचा सगळा गठ्ठाच काढून टेबलावर घेतला. एक उलटली. दुसरी. बारावी झाली.

"आणि हा कुठला पार्ट?"

कागदावर दुधाचे डाग होते. तीन रंगांची शाई. शेठनी मिनलकडे पाहिलं. मिनल ड्रॉवरला टेकून उभी होती.

मॅडम वाचू लागल्या. "‘प्रेस बंद ठेवला. छातीशी धरून बसलो.’"

"गणराजने प्रेस बंद ठेवला?" खालचं नाव बघून शेठ भडकले. "आजच काढतो त्याला! मॅडम, द्या इकडे, फाडून टाकतो."

ड्रॉवरमधून बारीक आवाज आला. मिनल जोरात खोकली. मॅडमनी ड्रॉवरकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"या बारा," त्या शांतपणे म्हणाल्या, "एका पेनाने, एका बैठकीत भरल्यात. महिनाभर एकही आकडा हलला नाही. असं लोखंड मी अजून पाहिलेलं नाही."

मिनलची मान खाली गेली.

"इथे मात्र काटा नव्हता तर आकडा नाही. हुकलं तर हुकलं लिहिलंय. माल बिघडतोय दिसल्यावर माणसाने मशीन थांबवलं. शेठ, तुमच्या माणसांना काम येतं. बारा ठिकाणी तुम्ही ते करू देत नाही."

त्यांनी तेरावी चेकशीट स्वतःच्या फाइलला लावली आणि खाली सही केली.

"या एका कागदावर तीन महिन्यांची ऑर्डर देतेय. गणराजला हात लावायचा नाही. तीन महिन्यांनी येईन, तेव्हा हा एम-तेरा मला इथेच दिसला पाहिजे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"जिवंत."