मागचा डावा खांदा

कुणाकडेही न शिकता गणितात थेट विलायतेपर्यंत नाव काढलेल्या सांबमूर्तीचा पितळी पुतळा अखेर आमच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या गल्लीत, आला. रथोत्सवाचा मांडव आडवा आल्यानं लॉरी काही गल्लीत शिरेना. मग भाऊबंदांनी बांबू आणले, पुतळा आडवा बांधला आणि खांदा द्यायला एकच झुंबड उडाली.

"सरका, मी सख्खा चुलतभाऊ आहे त्याचा!" म्हातारा पंचापकेशन ओरडला.

"असशील! पण ते डोकं आमच्या घराण्यातून गेलंय," सांबमूर्तीच्या मामेभावानं त्याला कोपरानं ढकललं.

ज्या ओट्यावर सांबमूर्ती खडूनं आकडेमोड करत बसायचा, त्या ओट्यावरून त्याची विधवा कोमळवल्ली सावकाश उतरली. ती सरळ मागच्या डाव्या बांबूपाशी गेली, जिथं पंचापकेशन खांदा लावायला वाकला होता.

"भाऊजी, व्हा बाजूला. ही जागा माझी आहे."

"अहो वहिनी, खांदा देणं काय बायकांचं काम आहे?"

"नाहीच. पण समुद्र ओलांडून हे बाटले म्हणून तुम्ही सगळे दारं लावून बसलात, तेव्हा यांच्या तिरडीला तीनच पुरुष मिळाले होते. चौथा खांदा माझा होता."