कोरी शिंगं

आकारामच्या शेततळ्यातले मोत्यांचे शिंपले एकेक करून मरत होते. लेक अनुजानं मेलेला शिंपला कापून विद्यापीठातल्या यंत्राखाली धरला आणि खोडातल्या वलयांसारखे त्याचे थर वाचून काढले. मग तो घेऊन गोठ्यात आली आणि म्हैस चोळणाऱ्या आकारामसमोर तो नुसताच हातात फिरवत राहिली. "सांग की, काय झालंय त्यास्नी?" "आबा, दिवाळीनंतरच्या थरात शिसं हाय. रंगातलं." आकारामचा हात म्हशीच्या पाठीवरच थांबला. दिवाळी पाडव्याला निघणाऱ्या म्हशींच्या मिरवणुकीनंतर तिच्या शिंगांचा रंग त्यानंच तळ्यात खरवडला होता. लेकीची मान खाली गेलेली बघून तो म्हणाला, "खरं बोलायला लाजतीस व्हय?" पुढच्या पाडव्याला म्हैस कोऱ्या शिंगांनी मिरवणुकीत उतरली. "रंग संपला काय रं आकारामा?" कुणीतरी खिजवलं. म्हशीच्या गळ्यातल्या घुंगरांत ओवलेला तो कापलेला शिंपला त्यानं उन्हात वर धरला. "रंग कशाला पायजे? ह्यो बघ. ह्यो माझ्या लेकीनं वाचलाय."