प्रमुख पाहुणे

यशात बुद्धीचा वाटा दहा टक्के आणि चिकाटीचा नव्वद टक्के असतो, हे आता सिद्ध झाले आहे. धुळ्याच्या समाजभवनात, गुणवंतांच्या सत्काराला, कार्यकारी अभियंता योगेंद्र बोरसे यांनी ते सिद्ध केले, तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि भरीत-पुरीचा वास खुर्च्यांपर्यंत आला होता.

“माझ्यापेक्षा हुशार माणसं माझ्या घरातच होती,” प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले. “आज कुठे आहेत ती?”

ती तिसऱ्या रांगेत होती. त्याची बायको रत्ना कॉलेजात पहिली आलेली. स्पर्धा परीक्षेला नवराबायको सोबतच बसायचे. दुसऱ्या खेपेला हर्षिता पोटात होती, म्हणून रत्ना थांबली. सहाव्या खेपेला तिच्याच नोट्स वाचून योगेंद्र पास झाला. आजचं भाषणही तिनेच लिहून दिलं होतं. ‘कुठे आहेत ती’ एवढं मात्र त्याचं स्वतःचं. टाळ्या पडल्या तशा तिनेही वाजवल्या.

त्याची नेमणूक चंद्रपूरला. महिन्यातून एखादा रविवार घरी. हर्षिताला दहावीत चौऱ्याण्णव टक्के पडले, तेव्हा सत्काराला नक्की येईन, असा शब्द त्याने फोनवर दिला होता. येताच आहात तर पाहुणे म्हणूनच या, असं सत्कार करणाऱ्या समाजमंडळाने सुचवलं.

मग एकशेबारा मुलं. प्रत्येकाला प्रमाणपत्र, तोच प्रश्न, तोच आशीर्वाद, नजर फोटोग्राफरकडे. हर्षिता बोरसेचं नाव आलं तोवर नऊ बोरसे होऊन गेले होते. रत्नाने मोबाइल वर धरला.

“पुढे काय घेणार?” योगेंद्रने विचारलं.

हर्षिताने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

“सायन्स, सर.”

“छान. आईवडिलांचं नाव काढ, बेटा.”

“हो, सर.”

ती उतरली. पुढचा मुलगा वर चढला.

“पोरले वळखं नही का त्यानी?” शेजारच्या भागाबाई अक्कांनी विचारलं.

“लाइट डोळ्यांवर येतो, अक्का,” रत्ना म्हणाली.

हर्षिता आईजवळ येऊन बसली. प्रमाणपत्र तिने मांडीवर ठेवलं. खाली उजव्या कोपऱ्यात प्रमुख पाहुण्यांची निळ्या शाईतली सही होती. बालवाडीपासून दहावीपर्यंत तिच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून रत्नाने सही केली होती. वडिलांची सही असलेला हा तिचा पहिलाच कागद.